पाल्यासाठी झाड लावा, पण कोयता विसरू नका

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तो उन्हाळा कोण विसरेल? मांजरा धरण कोरडे पडले होते. लातूरला खालाजानच्या अंगणातले लिंबू त्याच साली वाळले. "माणसांनाच प्यायला नाही, झाडाला कुठून घालू?" असे त्या म्हणायच्या. नांदेडला आमच्या परसातला कढीपत्ता मात्र वाचला. त्याच्या बुडाशी पाल्याचा जाड थर होता आणि वुजूचे पाणी तेवढे आम्ही त्याला घालत होतो.

आपली काळी जमीन उन्हाने भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. पाल्याचे आच्छादन ही ओल धरून ठेवते, तण दाबते आणि कुजले की खत होते. पण दरवर्षी एवढा पाला आणायचा कुठून?

शेतकऱ्यांनी बांधावर त्याचे उत्तर लावलेले असते: गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी. मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे हे झाड द्विदल असल्याने त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. मृगाच्या पावसात अंगठ्याएवढी जाड फांदी रोवली की ती फुटते. चांगले मूळ धरल्यावर वर्षातून दोन-तीनदा कंबरेएवढ्या उंचीवर छाटावे. पाला तीन-चार इंच पसरावा, पण खोडापासून वीतभर दूर. नाहीतर खोड कुजते.

आता माझी चूक सांगतो. गिरिपुष्पाच्या जोडीला मी सुबाभूळही लावली आणि एका वर्षी शेंगा झाडावरच वाळू दिल्या. पुढच्या पावसात अम्मींच्या पुदिन्याच्या वाफ्यात, मोरीच्या कडेला, जिकडे तिकडे रोपे! "पसरायला एकटा पुदिना कमी होता का, बेटा?" अम्मी म्हणाल्या. सुबाभळीचे कठीण सालीचे बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. अजूनही दर पावसाळ्यात ती रोपे मी उपटतो.

म्हणून एवढे जपा:

• फुलोरा दिसताच छाटा. शेंगा पिकू देऊ नका.
• नको असलेली रोपे बोटभर असतानाच, ओल्या मातीत, मुळासकट उपटा.
• गिरिपुष्पाच्या ओल्या फांद्या आच्छादनात टाकू नका, त्या मूळ धरतात. आधी उन्हात वाळवा.
• भिंत, विहीर, पाण्याची टाकी यांपासून झाड दूर ठेवा. लहान अंगणाला एक-दोन झाडे पुरतात.
• गिरिपुष्पाचे बी आणि साल विषारी असते; लहान मुलांना सांभाळा. शेळीला रोज नुसता सुबाभळीचा पाला घालू नका, तिचे केस गळतात.

खालाजाननी आता नवे लिंबू लावले आहे. मागच्या पावसाळ्यात त्यांच्याकडे जाताना मी पिशवीत गिरिपुष्पाच्या दोन फांद्या नेल्या. सोबत धार लावलेला कोयताही नेला.