ल्युपस : दुखणे अंगावर काढू नका!

गालांवर आणि नाकावर फुलपाखराच्या आकाराचा लाल चट्टा, उन्हात गेले की वाढणारे पुरळ, सकाळी आखडणारे सांधे, बारीक ताप, वारंवार तोंड येणे, केस गळणे. घरातल्या बाईला असे काही झाले, की 'अशक्तपणा असेल' म्हणून सोडून दिले जाते; नाहीतर 'बाहेरचे' समजून अंगारेधुपारे सुरू होतात. भगिनींनो, हा ल्युपस असू शकतो.

शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच या रोगात आपल्या शरीरावर उलटते. तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही. वेगळ्या भांड्याचा अपमान आपल्या समाजाने पिढ्यान्पिढ्या सोसला; तो आपल्याच सुनेच्या वाट्याला येऊ देऊ नका.

ल्युपसच्या दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. बहुतेकींना तो 15 ते 45 या वयात गाठतो. हे कुणाच्या कर्माचे फळ नव्हे. स्त्रीच्या पेशीत एक्स गुणसूत्रे दोन, पुरुषाच्या पेशीत एक. स्त्रीच्या पेशी एक एक्स बंद ठेवतात; पण प्रतिकारशक्तीची काही जनुके त्यातूनही चालू राहतात. काही पुरुषांना जन्मतः एक एक्स जादा असतो. त्यांना ल्युपसचा धोका इतर पुरुषांच्या सुमारे 14 पट असल्याचे 2008 साली दिसून आले. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाचाही यात वाटा मानला जातो.

मग पुरुष निर्धास्त का? मुळीच नाही. त्यांना हा रोग क्वचित होतो. पण झाला तर मूत्रपिंडे अधिक वेळा बिघडतात. 'हा बायकांचा आजार' या समजुतीने शंकाही उशिरा येते. लघवीला फेस आला, पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज आली, तर स्त्री असो वा पुरुष, लगेच दवाखाना गाठावा.

रक्ताची ए.एन.ए. तपासणी, लघवीची तपासणी आणि रक्तदाब यांपासून सुरुवात होते. मात्र केवळ ए.एन.ए. सदोष आली म्हणजे ल्युपस झालाच, असे नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही बहुतेक रुग्णांची मुख्य गोळी. ती चालू असताना डोळे तपासून घ्यावेत. बरे वाटले म्हणून मनानेच बंद करू नये. रोग निदान सहा महिने शांत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळंतपणही सुखरूप होऊ शकते. म्हणून या आजारापायी मुलीला माहेरी धाडणे हा अन्याय आहे.

समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असे बाबासाहेबांनी 1942 साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्या घरात कुणा बाईला 'जरा सहन कर' असे ऐकावे लागू नये.