बीपी मोजून झाल्यावर

आरोग्य शिबिराच्या बातमीत एक आकडा हमखास असतो, तो म्हणजे किती जणांची तपासणी झाली. ज्यांचं बीपी वाढलेलं निघालं त्यांच्यापैकी किती जण महिन्याभराने गोळी घेत होते, हे मात्र कुठे छापून येत नाही. प्रतिबंधाचं खरं काम तर त्याच आकड्यात आहे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला आढळला. हा आजार दुखत नाही, त्यामुळे कामं चालू राहतात, आणि पुष्कळांना तो कळतो थेट पक्षाघाताच्या वेळी. म्हणून मोजणं हवंच. पण एकदा मोजून निदानही पक्कं होत नाही. चालत आलेल्या, घाईत असलेल्या माणसाचा आकडा वर जातोच. काही मिनिटं शांत बसवून, वेगळ्या दिवशी पुन्हा मोजून तो १४०/९० किंवा त्याहून वरच राहिला, तर उपचार सुरू करायचे. पहिल्याच पायरीला दुसरी भेट लागते, आणि शिबिराचा मांडव तर संध्याकाळी उतरलेला असतो.

नुसत्या तपासणीने काय साधतं, याचा पुरावा उपलब्ध आहे. निरोगी प्रौढांच्या सर्वसाधारण तपासण्यांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०१९ मध्ये आला. त्यात अडीच लाखांहून अधिक लोकांची माहिती होती, आणि अशा तपासण्यांनी मृत्यूंचं प्रमाण जवळपास कमी झालं नव्हतं. यावर रास्त आक्षेप असा, की त्या चाचण्या युरोप-अमेरिकेतल्या होत्या. तिथे तपासणी न झालेल्यांनाही एरवी डॉक्टर गाठता येत होता. आक्षेप मान्य. पण त्यातून तपासणीचं पॅकेज समर्थनीय ठरत नाही, उलट नेहमीचा डॉक्टर जवळ असण्याचं मोल वाढतं. कारण उपचारांचा गुण निर्विवाद आहे. वरचा रक्तदाब १० अंकांनी उतरला तर पक्षाघाताचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचा सुमारे २८ टक्क्यांनी घटतो, असं २०१६ च्या ‘लॅन्सेट’मधल्या मोठ्या विश्लेषणात दिसलं.

हे आपल्याकडे जमतं का? भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे चार जिल्हे होते. तिथे महागडं यंत्र आणलं नव्हतं. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या मोजक्या स्वस्त गोळ्या, त्या कोणत्या क्रमाने वाढवायच्या याचा एकच ठरलेला आराखडा, महिन्याभराच्या गोळ्या शक्यतो घराजवळच्या उपकेंद्रात, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, एवढ्यावर काम उभं राहिलं. नोंदीमुळे कोण आलं नाही हे कळतं, मग आशाताई किंवा सिस्टर त्या घरी चौकशी करू शकतात. उपक्रमात उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात आला आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने त्याची दखल घेतली गेली. निम्मे अजून बाहेर आहेत, हेही खरंच. तरी सरकारी दवाखान्यात हे होणार नाही असं म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरेसं आहे.

लोकांची सगळ्यात मोठी शंका गोळीबद्दलच असते. एकदा सुरू झाली की जन्मभर सुटत नाही, शरीराला सवय लागते, बरं वाटतंय तर कशाला? सवय लागत नाही. गोळी बंद केल्यावर रक्तदाब वर जातो, कारण आजार मुळात होताच. गोळीने तो दाबून धरला होता. मीठ, वजन, तंबाखू आणि दारू कमी केली तर मात्रा कमी होऊ शकते, पण ते डॉक्टरने मोजून ठरवायचं. ही समजूत मांडवातल्या घाईत पटत नाही. दर महिन्याला तीच सिस्टर भेटते तेव्हा पटते. मात्र माणसाने रोजगार बुडवून यावं आणि गोळ्या संपल्या आहेत असं ऐकून परत जावं, असं झालं तर दोष त्याच्या आळसावर ढकलता येणार नाही. साठा सलग राहणं ही प्रशासनाची जबाबदारी आहे.

शिबिरं बंद करा असं माझं म्हणणं नाही. दुर्गम पाड्यावर पहिलं मोजमाप कदाचित तिथेच होईल. पण शिबिरात सापडलेलं प्रत्येक नाव दुसऱ्याच दिवशी उपकेंद्राच्या नोंदीत गेलं पाहिजे, आणि ग्रामसभेत तपासलेल्यांच्या संख्येऐवजी हे विचारलं पाहिजे: नोंदलेल्यांपैकी गेल्या तिमाहीत किती आले, आणि त्यातल्या कितींचं बीपी १४०/९० च्या खाली होतं?