हिमातली वाट, बर्फाचे तळे

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात माउंट वॉशिंग्टन नावाचे १,९१७ मीटर उंचीचे शिखर आहे. तेथील वेधशाळेने १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला होता! शिखराच्या पूर्व अंगाला टकरमन नावाची खोल घळ आहे आणि तिच्या तोंडाशी हर्मिट लेक हे लहानसे तळे. पिंकम नॉच या खिंडीतून तळ्याकडे सुमारे चार किलोमीटरची चढणीची वाट जाते. हिवाळ्यात हौशी मंडळी पायांना स्की बांधून ही वाट चढतात आणि शेजारच्या उतारावरून घसरत खाली येतात. वाट तीच, पण काल सुखाची वाटलेली ती आज घातक ठरू शकते. असे का व्हावे?

प्रथम दोन शब्द वेगळे करू. आकाशातून भुरभुरते ते हिम. पाणी गोठून होतो तो बर्फ. ताज्या भुसभुशीत हिमात दहा भागांतले नऊ भाग हवाच असते. म्हणून त्यात पाय रुततो. समजा, ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाच्या दोन्ही तळव्यांचे क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर आहे आणि दोन्ही स्कींचे २,५००. वजन तेच, पण दाब मात्र एकपंचमांश होतो. माणूस हिमावर तरंगल्यासारखा चालतो.

चढताना स्की मागे का घसरत नाही? तिच्या तळाला केसाळ पट्टा लावतात. पूर्वी तो सीलच्या कातड्याचा असे. मांजराच्या पाठीवरून हात फिरवून पाहा. एका दिशेने हात सहज सरकतो, उलट दिशेने अडतो. पट्ट्याचे तसेच आहे.

उतरताना पट्टा काढला की स्की घसरू लागते. दाबामुळे हिम वितळते, असे पूर्वी मानत. परंतु एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोग्रॅम दाब दिला तरी बर्फाचा द्रवणांक अंशाच्या शंभराव्या भागाइतकाही उतरत नाही. स्कीचा दाब तर त्याहून कितीतरी कमी! खरे काम करते ती घर्षणाची उष्णता. तिच्यामुळे पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो व तो वंगणाचे काम करतो. कडाक्याच्या थंडीत हा थर नीट बनत नाही. मग हिम वाळूसारखे खरखरीत लागते. वसंतात दिवसा वितळलेले हिम रात्री गोठते. सकाळी ते दगडासारखे टणक, दुपारी साखरेसारखे कणीदार, तर सायंकाळी ओला चिखल!

तळ्याजवळ मात्र सावध राहावे लागते. वरचे हिम गोधडीसारखे असते. ते तळ्यातील उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे खालचा बर्फ जाड होत नाही. जेथे ओढा तळ्यात शिरतो किंवा बाहेर पडतो, तेथे वाहत्या पाण्यामुळे तो आणखी पातळ राहतो. वरून सगळे सारखेच पांढरे दिसते.

तळ्याच्या वरच्या घळीत तर याहून मोठा धोका. वारा माथ्यावरचे हिम उडवून घळीत आणून टाकतो. त्याचा घट्ट थर खालच्या सैल थरावर बसतो. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला, तर एका माणसाच्या भारानेही वरचा थर तुटून हिमलोट सुटू शकतो. म्हणून जाणकार लोक आधी हिमस्खलनाच्या इशाऱ्याचे पत्रक वाचतात, हिमात खड्डा खणून थर तपासतात आणि शंका आली तर तळ्यावरूनच परत फिरतात. असे परतणे म्हणजे भित्रेपणा नव्हे.

आता एक प्रयोग. आलेखाच्या कागदावर उभे राहून तळव्यांची कड आखा. आतले चौकोन मोजा आणि आपल्या वजनाला त्या क्षेत्रफळाने भागा. तुमचा दाब किती आला? तो एकपंचमांश करायचा, तर केवढी फळी पायांना बांधावी लागेल?