कार्ल्याच्या लेखांतील ‘यवन’ आणि ख्रिस्ती ग्रंथांतील ‘हेल्लेन’

मावळ तालुक्यांत लोणावळ्यापासून थोड्याच कोसांवर, वेहेरगांवच्या डोंगरांत, कार्ल्याचें चैत्यगृह आहे. एकवीरा देवीच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू त्याच्या दारावरूनच जातात. आंत ३७ खांब आहेत. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा, व स्तूपाच्या मागें सात. यांपैकीं कित्येक खांबांवर दात्यांचीं नांवें ब्राह्मी अक्षरांत कोरलेलीं असून त्यांत ‘यवन’ हा शब्द पुन्हां पुन्हां येतो. सेनार यांनीं एपिग्राफिया इंडिकाच्या सातव्या खंडांत (१९०२–०३) यांतील कांहीं लेख प्रसिद्ध केले, व माधो सरूप वत्स यांनीं अठराव्या खंडांत (१९२५–२६) राहिलेल्यांची भर घातली. तेव्हांपासून ‘मावळांत ग्रीक लोकांनीं खांब दिले’ हें वाक्य पुस्तकांतून पुस्तकांत उतरत आलेलें आहे. हें वाक्य कितपत टिकतें, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शब्दाचें मूळ परदेशीं आहे, याविषयीं आतां वाद राहिलेला नाहीं. आशियामायनरच्या किनाऱ्यावरील ग्रीकांस ‘इआवोनेस’ म्हणत. त्याचें इराणी रूप दारयवहूच्या शिलालेखांत ‘यौन’ असें सांपडतें, हिब्रूंत ‘यावान’, अशोकाच्या धर्मलिपींत ‘योन’. पाणिनीस ‘यवन’ हा शब्द ठाऊक आहे, व त्यापासून होणाऱ्या ‘यवनानी’ या रूपाचा अर्थ यवनांची लिपि असा वार्तिककार कात्यायन सांगतो. आमच्या वैयाकरणांनीं मिसळणें या अर्थाच्या ‘यु’ धातूपासून हा शब्द साधला. रामायणानें वसिष्ठाच्या धेनूच्या योनीपासून यवन उत्पन्न केले. महाभारतानें ते तुर्वसूचे वंशज ठरविले. परक्या शब्दाला घरचें कुलगोत्र चिकटविण्याची ही हौस आपल्यापुरतीच नाहीं. पण तो विषय निराळा.

मूळ कळलें म्हणजे अर्थ कळला असें मात्र होत नाहीं. गिरनारजवळील रुद्रदामन् याच्या लेखांत (सुमारें इ. स. १५०) अशोकाच्या वतीनें सुराष्ट्राचा कारभार पाहणाऱ्या यवनराज तुषास्फाचा उल्लेख आहे. तुषास्फ हें नांव उघड उघड इराणी आहे. उलट बेसनगरच्या गरुडस्तंभावरील ‘योनदूत’ हेलिओदोर हा नांवानें ग्रीक खरा, पण तो स्वतःस भागवत म्हणवितो. म्हणजे एके ठिकाणीं यवनाचें नांव ग्रीक नाहीं, तर दुसऱ्या ठिकाणीं त्याचा धर्म ग्रीक नाहीं.

कार्ल्यास तर दोन्हीही नाहींत. तेथील यवनांचीं नांवें पाहा: सिहधय, म्हणजे सिंहध्वज, यसवधन, म्हणजे यशोवर्धन, चुलयख, म्हणजे क्षुल्लयक्ष किंवा धाकटा यक्ष, आणि धंम. यांत एकही नांव ग्रीक नाहीं. दान बौद्ध संघास आहे, भाषा प्राकृत आहे, आणि बहुतेकांचें गांव धेनुकाकट आहे. हें धेनुकाकट कोठलें, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. कोणी डहाणू म्हणतात, कोणी आंध्रांतील धान्यकटक. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं १९५५ सालीं या स्थळावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि तें कार्ल्याच्या आसपासच शोधावें असा पक्ष घेतला. आम्हांस तो पक्ष अधिक संभवनीय वाटतो. कारण इतक्या निरनिराळ्या धंद्यांचे इतके दाते दूरच्या एकाच गांवाहून या डोंगरापर्यंत यावेत, यास कांहीं विशेष कारण दाखवावें लागेल.

येथें अशाच एका संदिग्ध शब्दाकडे वाचकांचें लक्ष वेधतों. ख्रिस्ती संप्रदायाच्या आरंभींच्या ग्रीक ग्रंथांत ‘हेल्लेन’ (अनेकवचनीं ‘हेल्लेनेस’) हा शब्द असाच अडचणीचा आहे. कोशांत त्याचा अर्थ ग्रीक मनुष्य. हा शब्द ‘यवना’चा जुना सोबती आहे, कारण दानिएलाच्या ग्रंथांत हिब्रू ‘यावान’ आला, तेथें ग्रीक भाषांतरकारांनीं ‘हेल्लेनेस’ हाच शब्द घातला. पण त्याच ग्रीक बायबलांत यशया संदेष्ट्याच्या नवव्या अध्यायांत मूळांत पलिष्टी लोक असतां भाषांतरांत ‘हेल्लेनेस’ उतरले आहेत. भाषांतरकार ज्या काळीं राहत होते, त्या काळचे पश्चिमेकडील परके ते हेच, एवढाच त्याचा अर्थ.

पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रांतील पहिला अध्याय या दृष्टीनें फारच बोधक आहे. चौदाव्या वचनांत ‘हेल्लेन’ या शब्दाची जोडी ‘बर्बर’ या शब्दाशीं घातली आहे; दोनच वचनें पुढें, सोळाव्यांत, तीच जोडी ‘यहुदी’ या शब्दाशीं आहे. पहिल्या ठिकाणीं ग्रीक भाषा व संस्कार असलेला मनुष्य अभिप्रेत आहे. दुसऱ्या ठिकाणीं जो यहुदी नाहीं तो प्रत्येक, मग तो जन्मानें कोणीही असो. एकच लेखक, एकच पत्र, दोन वचनांचें अंतर, आणि अर्थ दोन. मार्काच्या सातव्या अध्यायांतील बाईची गोष्ट याहूनही स्पष्ट आहे: तिला ‘हेल्लेनिस’ म्हटलें आहे, आणि लागलीच ती वंशानें सुरफुनीकी होती असेंही सांगितलें आहे. वंश निराळा सांगावा लागला, त्या अर्थीं पहिला शब्द वंशवाचक नव्हता.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस प्रेषितांच्या कृत्यांतील एक पाठभेद विशेष गोड वाटेल. सहाव्या अध्यायांत विधवांच्या रोजच्या वांटणीवरून ‘हेब्राइओइ’ व ‘हेल्लेनिस्ताइ’ यांच्यांत कुरकूर झाल्याचें वर्णन आहे. हे हेल्लेनिस्ताइ म्हणजे ग्रीक बोलणारे यहुदी, असें योहान ख्रिसोस्तोम यानें चौथ्या-पांचव्या शतकाच्या संधीस सांगितलें, व तोच अर्थ आज सामान्यतः मानतात. पुढें अकराव्या अध्यायाच्या विसाव्या वचनांत अंत्युखियांत उपदेश झाला तो कोणास, हा प्रश्न येतो. पांचव्या शतकांतील आलेक्सांद्रीय पोथींत ‘हेल्लेनास’ आहे. चौथ्या शतकांतील वातिकान पोथींत ‘हेल्लेनिस्तास’ आहे. आणि त्याच शतकांतील सिनाई पोथीच्या पहिल्या लेखकानें ‘एउआंगेलिस्तास’, म्हणजे सुवार्ता सांगणारे, असेंच लिहून टाकलें, तें पुढें दुसऱ्या हातानें सुधारून ‘हेल्लेनास’ केलें. सुवार्ता सांगितली कोणास, तर सुवार्ता सांगणाऱ्यांस, हा पाठ अर्थातच टिकण्यासारखा नाहीं. लेखकाच्या डोळ्यांपुढें त्याच ओळींतील क्रियापद घोळत होतें. परंतु उरलेल्या दोन पाठांतला भेद लहान नाहीं. एका पाठानें यहुदी समाजाबाहेर उपदेश प्रथम गेला असें ठरतें, दुसऱ्यानें तो घरांतल्या घरांतच राहतो. एका प्रत्ययावर एवढा इतिहास अवलंबून आहे.

पुढें शब्दाचा अर्थ आणखी सरकला. दुसऱ्या शतकांत तातिआन यानें हेल्लेनांस उद्देशून निबंध लिहिला. तो स्वतः असुरदेशांत जन्मलेला म्हणवितो. चौथ्या शतकांत आथानासिओस यानें ‘हेल्लेनांविरुद्ध’ ग्रंथ लिहिला. त्याचें लॅटिन नांव ‘अन्यधर्मीयांविरुद्ध’ अशा अर्थाचें पडलें, व तें बरोबरच आहे. त्याच शतकांत रोमन बादशहा जूलिआन (राज्यकाल ३६१–३६३) ख्रिस्ती मत सोडून जुन्या देवांकडे वळला, तेव्हां त्यानें आपल्या पक्षास अभिमानानें हेंच नांव दिलें. शेवटीं कॉन्स्टँटिनोपलचे ग्रीक बोलणारे ख्रिस्ती स्वतःस ‘रोमन’ म्हणवूं लागले; कारण ‘हेल्लेन’ म्हणजे मूर्तिपूजक, हा अर्थ त्या शब्दास घट्ट चिकटला होता.

आमच्या ‘यवना’ची गत हुबेहूब अशीच आहे. ज्या मावळांत यवनांनीं बौद्ध संघास खांब दिले, त्याच मावळांतील लोहगड पुरंदरच्या तहानें १६६५ सालीं मोगलांकडे गेला व १६७० सालीं परत आला. आणि अशा प्रसंगांचें वर्णन करणाऱ्या बखरकारांच्या लेखणींतील ‘यवन’ हा मुसलमान आहे. परमानंदाच्या शिवभारतांतही तोच अर्थ. ज्योतिषाच्या पोथ्यांत तर दोन्ही अर्थ शेजारीं शेजारीं नांदतात. स्फुजिध्वजाच्या यवनजातकांतील यवन ग्रीक परंपरेचे. महेंद्रसूरीच्या यंत्रराजांत (१३७०) व नीलकंठ दैवज्ञाच्या ताजिकनीलकंठींत (१५८७) ते अरबी-फारसी विद्येचे. स्फुजिध्वज हें नांव वाचतांना कार्ल्याच्या सिंहध्वजाची आठवण होते; परंतु अंत्यपदाच्या साम्यावर कुलसंबंध उभारण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.

तेव्हां पौलाच्या पत्रास लावली तीच कसोटी कार्ल्यास लावावी: शब्दाची जोडी कोणाशीं आहे? नाशिक येथील बलश्रीच्या लेखांत गौतमीपुत्र सातकर्णीनें शक, यवन व पल्हव यांचा नाश केल्याचें म्हटलें आहे. तेथें जोडी राज्यकर्त्या परकीय जमातींशीं आहे. म्हणून अर्थही तसाच घ्यावा. कार्ल्यास जोडी अगदीं वेगळी पडते. तेथील लेखांचा सांचा ठरलेला आहे: प्रथम गांव, मग दात्याचें विशेषण, मग नांव, मग दानवस्तु. धेनुकाकटाचा ‘गंधिक’ सिंहदत्त यानें दाराचें काम दिलें. धेनुकाकटाचाच ‘वढकि’, म्हणजे सुतार, सामि यानें दार घडविलें. आणि धेनुकाकटाचा ‘यवन’ सिहधय यानें खांब दिला. जेथें अत्तरवाल्याचा धंदा लिहिला, सुताराचा धंदा लिहिला, त्याच जागीं ‘यवन’ हा शब्द बसला आहे. रुद्रदामन् याच्या लेखांतही असेंच आहे: चंद्रगुप्ताचा अधिकारी पुष्यगुप्त ‘वैश्य’, आणि अशोकाचा तुषास्फ ‘यवन’.

यावरून आमचें मत असें कीं, धेनुकाकटांत ‘यवन’ हें एका ओळखीच्या वर्गाचें नांव होतें. तो वर्ग व्यापारी असावा, त्याचे पूर्वज समुद्रामार्गें किंवा उत्तरेकडून आलेले असावेत. दूरच्या पिढीचें परकेपण नांवापुरतें उरून पुढें तें जातीसारखें वापरांत येणें आपल्याकडे नवल नव्हे. ग्रीक नगराचें नागरिकत्व मिळालेले हिंदी लोक ते यवन, असाही एक पक्ष आहे. पण त्यास कार्ल्याच्या लेखांत आधार दिसत नाहीं. पेरिप्लुसकार सांगतो कीं, त्याच्या काळीं कल्याण बंदरांत आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचला नेत. त्या कल्याणाहून घाटावर चढणारी वाट याच डोंगरांतून जाते. त्यामुळें समुद्रावरील यवनांशीं येथील यवनांचा संबंध असंभवनीय नाहीं. असंभवनीय आहे तें केवळ शब्दावरून रक्त ठरविणें.

व्याकरणाची एक अडचण सांगितली पाहिजे. ‘यवनस’ हें षष्ठीचें एकवचन, पण पुढील नांव ‘सिहधयान’ हें अनेकवचन. यसवधन व चुलयख यांचेंही तसेंच. जुन्नरच्या लेण्यांत यवन चंद याच्या लेखांत ‘चंदानं’ हेंच रूप आहे. आदरार्थीं अनेकवचन म्हणावें, तर विशेषण एकवचनीं कां? कदाचित् हीं कुळांचीं नांवें असून ‘सिंहध्वजांपैकीं यवन’ असा अर्थ असेल. जुन्नरला यवन इरिल व यवन चिट यांच्यापुढें ‘गतान’ असें आहे, तेंही कुल किंवा देश सांगणारें दिसतें. या ‘गत’ शब्दावरून युरोपांतील गॉथ लोकांस जुन्नरास आणण्यापर्यंत एका पंडितानें मजल मारली होती!

धंम याचा लेख सर्वांत कठिण. तेथें शब्दांचा क्रम उलट असून ‘धंमयवनस’ असा समास आहे. धंम नांवाचा यवन, असा सरळ अर्थ होतो. धर्मानें बांधलेला यवन, म्हणजे बौद्ध झालेला यवन, असाही समास सोडवितां येतो. तसें झाल्यास दात्यानें आपलें नांव सांगितलेंच नाहीं असें होईल. इतर सर्व लेखांत नांव आहे, म्हणून आम्ही पहिला अर्थ पतकरतों.

नाशिकच्या सतराव्या लेण्यांतला दाता या सर्वांहून वेगळा आहे. तो स्वतःस यवन म्हणवीत नाहीं, ‘योनक’ म्हणवितो. शिवाय ‘ओतराह’, म्हणजे उत्तरेकडचा, आणि ‘दातामितियक’, म्हणजे दात्तामित्रीचा. ही दात्तामित्री पाणिनीचे वृत्तिकार सौवीर देशांत घालतात, व तिच्या नांवांत देमेत्रिओस हें ग्रीक नांव ओळखूं येतें. त्याचें स्वतःचें नांव मात्र इंद्राग्निदत्त, बापाचें धर्मदेव, मुलाचें धर्मरक्षित. तीन पिढ्या, तिन्ही नांवें आपलीं. गांव, दिशा, व कुल इतक्या काळजीनें सांगणाऱ्या या मनुष्यास आपली ओळख पुरेशी झाली नाहीं असें वाटत असावें. धेनुकाकटाच्या यवनांस तशी गरज भासली नाहीं.

संग्राहकांनीं आपल्या पोथ्यांच्या याद्या करितांना ‘यवन’ या शब्दापुढें परभारें ‘ग्रीक’ किंवा ‘मुसलमान’ लिहूं नये; मूळ शब्द तसाच ठेवून त्याच्या शेजारीं कोणता शब्द आला आहे तेवढें टिपावें. कार्ल्याच्या खांबांवर ‘उमेहनाकट’ या गांवचाही एक यवन दाता आहे. हें गांव कोणत्याही दानपत्रांत, महजरांत किंवा जुन्या कागदांत कोणास आढळल्यास तो उतारा मंडळाकडे अवश्य पाठवावा.