ख्रिस्ती धर्मविचार आणि मुंबई विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाच्या बौद्धिक जीवनात ख्रिस्ती श्रद्धेचा प्रवेश झाला तो अभ्यासक्रमातून नव्हे, तर संलग्न महाविद्यालये व तेथील व्यासंगी मिशनरी यांच्याद्वारे. पदवी परीक्षांत धर्मश्रद्धेशी निगडित विषय असू नयेत, असे १८५४ च्या वुडच्या खलित्यात स्पष्ट केलेले होते. मात्र त्याच खलित्याने मिशनच्या शिक्षणसंस्थांना सरकारी अनुदानाची वाटही मोकळी केली. १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या धोरणात हा ताण प्रारंभापासूनच होता.

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन (१८०४–७५) हे १८२९ मध्ये मुंबईस आले. त्यांनी १८३२ साली काढलेल्या शाळेतून पुढे विल्सन महाविद्यालय उदयास आले. पाश्चात्त्य विद्येने तरुणांच्या परंपरागत समजुती ढासळून ते ख्रिस्ती मताकडे वळतील, ही मिशनऱ्यांची अपेक्षा फारशी फलद्रूप झाली नाही. १८३९ मध्ये पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेताच क्षोभ उसळला, प्रकरण न्यायालयात गेले व पुष्कळ पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. बाबा पदमनजींसारखे काही विद्यार्थी ख्रिस्ती झाले. परंतु बहुसंख्य सुशिक्षितांनी त्या धर्मातील नैतिक आवाहन तेवढे घेतले आणि ख्रिस्ताचे देवत्व नाकारले. सामुदायिक उपासनेचा अंगीकार करून तुकारामांच्या अभंगांचा आधार घेणारा प्रार्थनासमाज (१८६७) हे त्याचे ठळक उदाहरण होय.

विल्सन यांचे खंडनपर लेखन आज केवळ इतिहासजमा आहे. पण खंडनासाठी त्यांना पारशी व हिंदू धर्मग्रंथांचा अभ्यास करावा लागला, आणि हा व्यासंगच अधिक टिकाऊ ठरला. १८६८ मध्ये ते विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेतील १८७७ ची व्याख्याने रा. गो. भांडारकरांनी दिली. एका मिशनऱ्याच्या नावे प्रार्थनासमाजाच्या अध्वर्यूने संस्कृत व तदुद्भव भाषांवर बोलावे, ही घटना या संबंधांविषयी बरेच काही सांगून जाते.

विसाव्या शतकात वादाची जागा आस्थेने घेतली. निकल मॅक्‌निकल यांनी मराठी संतांच्या पदांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले (१९१९). जेझुइटांनी १८६९ मध्ये स्थापिलेल्या सेंट झेव्हिअर महाविद्यालयात स्पॅनिश धर्मगुरू हेन्री हेरास यांनी १९२६ साली भारतीय इतिहास संशोधन संस्था काढली. सिंधू लिपीचे त्यांनी लावलेले द्राविडी वाचन विद्वानांना मान्य झाले नाही; तथापि मूळ साधनांवरून इतिहास लिहिण्याची शिस्त त्यांच्या विद्यार्थ्यांत रुजली. जॉर्ज मोराइश यांचा कदंब घराण्यावरील ग्रंथ (१९३१) तिची साक्ष देतो.