परदेशातील नोकरी : पगारापलीकडचा हिशेब

संगणक क्षेत्रात पाच-सात वर्षे काम केलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती परदेशी कंपनीचे नियुक्तिपत्र येते, तेव्हा घरात पहिला हिशेब होतो तो पगाराचा. युरो किंवा डॉलरमधील वार्षिक रक्कम रुपयाच्या दराने गुणली जाते आणि आकडा डोळे दिपवतो. कमाई मात्र रुपयांत मोजली, तरी खर्च रुपयांत होणार नसतो. शिवाय कुटुंबाच्या पुढील दहा-वीस वर्षांना आकार देणाऱ्या गोष्टी नियुक्तिपत्रात लिहिलेल्या नसतात. त्या देशात राहण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, जोडीदाराला काम करता येईल का आणि मायदेशी राहणाऱ्या आई-वडिलांचे काय, हे प्रश्न पगाराइतकेच महत्त्वाचे आहेत.

राहण्याचा अधिकार

महाराष्ट्रातील अभियंत्यांचा रुळलेला मार्ग अमेरिकेचा. तेथील एच-१बी परवाने वर्षाला ८५,००० इतकेच असतात. त्यांपैकी २०,००० अमेरिकन विद्यापीठाची उच्च पदवी असणाऱ्यांसाठी राखीव आहेत. हा परवाना कंपनीच्या अर्जावर उभा असतो. नोकरी गेली, तर दुसरा मालक शोधण्यास जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. कायम वास्तव्याच्या ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सुमारे ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. त्यामुळे भारतीयांची रांग इतकी लांबली आहे, की वाट पाहता पाहता मुले २१ वर्षांची होतात आणि आई-वडिलांच्या परवान्यावर राहण्याचा त्यांचा हक्क संपतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १,००,००० डॉलर शुल्काचा आदेश निघाला आणि ही वाट अधिकच बिकट झाली.

म्हणूनच अनेकांची दृष्टी आता जर्मनीकडे वळली आहे. तेथील ‘ब्लू कार्ड’ परवान्यासाठी सोडत नसते. मान्य पदवी, किमान सहा महिन्यांचा करार आणि ठरलेला किमान पगार एवढे लागते. २०२५ साली ही मर्यादा वार्षिक ४८,३०० युरो होती. संगणक क्षेत्रासारख्या मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी ती ४३,७५९.८० युरो होती. हे आकडे दरवर्षी बदलतात. संगणक व्यवसायात पदवी नसली, तरी मागील सात वर्षांत तीन वर्षांचा योग्य दर्जाचा अनुभव असल्यास अर्ज करता येतो. कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनी, आणि जर्मन भाषेची बी-१ पातळी गाठल्यास २१ महिन्यांनी मिळू शकतो.

शोध आणि सावधगिरी

अर्ज पाठवण्यापूर्वी आपले विद्यापीठ व पदवी जर्मनीत मान्य आहे का, हे ‘अनाबिन’ या तेथील सरकारी माहितीसंग्रहात पाहावे. करार हाती नसताना प्रत्यक्ष जाऊन काम शोधायचे असेल, तर जून २०२४ पासून ‘चान्सनकार्टे’ची सोय आहे. ती गुणांवर मिळते, वर्षभर चालते आणि त्या काळात आठवड्याला २० तास काम करता येते. मात्र निर्वाहाची रक्कम आधी दाखवावी लागते. कार्यालयीन काम इंग्रजीत चालले, तरी घरमालक, डॉक्टर आणि शाळा यांच्याशी व्यवहार जर्मनमध्येच होतो. पुण्यात मॅक्सम्युलर भवनसारखी संस्था असताना हा अभ्यास निघण्यापूर्वीच सुरू करणे शहाणपणाचे.

फसवणुकीचे सावटही आहे. २०२२ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला, की थायलंडमधील संगणक-नोकरीचे आमिष दाखवून तरुणांना म्यानमारमध्ये नेले जात असून तेथे त्यांना डांबून ठेवले जाते. नोकरीसाठी पैसे मागणारा, पर्यटक व्हिसावर निघा असे सांगणारा किंवा मुलाखतीत तांत्रिक प्रश्नच न विचारणारा मध्यस्थ दिसला, की तेथेच थांबावे.

हाती पडणारे पैसे

जर्मनीत निवृत्तिवेतन, आरोग्य, बेरोजगारी आणि शुश्रूषा विम्यापोटी पगाराचा सुमारे पाचवा हिस्सा कापला जातो, आयकर वेगळा. वार्षिक ६०,००० युरो पगाराच्या अविवाहित माणसाच्या हाती महिन्याला तीन हजार युरोंहून थोडे अधिक पडतात. या कपातीचा मोबदला मात्र खरा आहे. सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुले जादा हप्त्याशिवाय समाविष्ट होतात, तसेच सरकारी शाळेत फी नसते. घरभाड्यात ‘थंड’ आणि ‘उबदार’ असे दोन आकडे असतात; दुसऱ्यात तापवणीचा व इतर खर्च धरलेला असतो. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत जाऊ शकते. कित्येक घरांत स्वयंपाकघराचे ओटे आणि कपाटेही भाडेकरूलाच बसवावी लागतात. या पहिल्या खर्चाची तजवीज मायदेशातूनच करून जावे.

घरातील माणसे

ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मनीत कोणतेही काम करण्याची मुभा आहे. अमेरिकेत एच-४ व्हिसावरील जोडीदाराला ती बहुधा ग्रीन कार्डाच्या अर्जाला मान्यता मिळाल्यावरच लाभते. पण मुभा म्हणजे नोकरी नव्हे. भाषा न येणाऱ्या सुनेची किंवा जावयाची पहिली दोन वर्षे घरातच जाऊ शकतात. दोघांपैकी एकाची बढती दुसऱ्याच्या कारकिर्दीच्या मोलाने विकत घेतली जात नाही ना, हे मोकळेपणाने बोलावे.

आहाराचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. युरोपीय संघात बांधीव पदार्थांच्या घटकांत अंडे असल्यास ते ठळकपणे छापणे बंधनकारक आहे. जिलेटिन मात्र यादीत स्वतः शोधावे लागते.

सर्वांत अवघड प्रश्न आई-वडिलांचा. भेटीच्या व्हिसावर ते १८० दिवसांत ९० दिवसच राहू शकतात. मार्च २०२४ पासून नव्याने परवाना मिळालेल्या कुशल कामगारांच्या पालकांना कायम बोलावण्याची तरतूद झाली आहे. परंतु उतारवयात तेथील आरोग्य विमा मिळवणे हीच तिची खरी कसोटी ठरते. तेव्हा आजारपणात रुग्णालयात कोण धावेल, त्याचे नाव आधी ठरावे. भावंडावर ते ओझे पडणार असेल, तर पैशांचा आणि सुट्यांचा वाटा त्याच्याशीच बोलून निश्चित व्हावा.

पुढे नागरिकत्वाचा प्रश्न येतो. जर्मनीने २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केले, पण भारतीय कायदा ते मानत नाही. तेथील पारपत्र घेतले, की भारताचे सोडावे लागते. उरते ते ‘ओसीआय’ कार्ड आणि त्यावर मतदानाचा हक्क नसतो.

जाणे किंवा न जाणे, दोन्ही निर्णय सन्मानाचेच आहेत. घरच्यांनी एकत्र बसून किती वर्षांसाठी जायचे, किती बचत साधायची आणि कोणत्या परिस्थितीत परतायचे, हे कागदावर लिहावे व दोन वर्षांनी तोच कागद पुन्हा वाचावा. जाणारा आणि मागे राहणारा, दोघांचीही संमती त्यावर असेल, तर परतण्याची वेळ आल्यास कोणालाही ती हार वाटणार नाही.