निग्रहाचे धैर्य

महाराष्ट्र पोलीस दलाचे ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे. दलाच्या बोधचिन्हात ते आपण शेकडो वेळा पाहतो, आणि अतिपरिचयामुळे वाचीत मात्र नाही. त्यातला ‘निग्रह’ हा शब्द क्षणभर थांबून पाहण्याजोगा आहे. गीतेत अवतारकार्य सांगताना दुष्टांच्या विनाशाची भाषा आली आहे. ती अवताराला शोभते. पोलिसाच्या ब्रीदात विनाश नाही, निग्रह आहे. निग्रह म्हणजे धरून ठेवणे, आवरणे. हाच शब्द आपण मनाच्या बाबतीतही वापरतो. मनोनिग्रह म्हणतो, इंद्रियनिग्रह म्हणतो. दुसऱ्याला आवरण्याचे काम ज्याच्याकडे सोपविले, त्याने स्वतःलाही आवरले पाहिजे, असा दुहेरी अर्थ या एका शब्दात सामावलेला आहे. पोलिसाच्या धैर्याचा विचार करावयाचा तर आरंभ येथूनच करणे बरे.

सैनिकाचे शौर्य आपल्याला चटकन कळते. त्याला सीमा असते, समोर शत्रू असतो, पाठीशी देशाच्या शुभेच्छा असतात. पोलिसासमोर उभा असतो तो बहुधा आपल्यातलाच कोणी तरी. आज दगड मारणारा, उद्या त्याच्याकडेच फिर्याद घेऊन येणारा. त्याच्यावर हत्यार चालवून मोकळे होता येत नाही, आणि पाठ फिरवूनही चालत नाही. या दोन टोकांच्या मधल्या अरुंद वाटेवरून पोलिसाला रोज चालावे लागते. सैनिकाचे युद्ध केव्हा तरी संपते; चौकीवरची पाळी संपली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होते.

या धैर्याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे तुकाराम ओंबळे. सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे हे गृहस्थ. सैन्यातली नोकरी करून मुंबई पोलीस दलात आलेले, आणि सहायक फौजदाराच्या हुद्द्यावर पोचलेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या भीषण रात्री गिरगाव चौपाटीजवळ नाकाबंदी होती. तिथल्या बहुतेकांच्या हातात लाठ्याच होत्या. ओंबळ्यांच्या हातातही लाठीच होती. मध्यरात्र उलटून गेल्यावर दोन अतिरेकी पळवलेल्या मोटारीतून तेथे येऊन अडकले. चकमकीत एक मारला गेला. दुसरा, अजमल कसाब, रायफल घेऊन बाहेर आला, तेव्हा ओंबळ्यांनी पुढे होऊन त्या रायफलीची नळी धरली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. २००९ साली ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

या घटनेतले शौर्य सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातला निग्रह मात्र पुष्कळदा नजरेतून निसटतो. पकडण्यासाठी हात पुढे झाला, म्हणून गुन्हेगार न्यायालयापुढे उभा करता आला. ६ मे २०१० रोजी विशेष न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी ती कायम केली. आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात तिची अंमलबजावणी झाली. कसाबच्या बचावासाठी सरकारी खर्चाने वकील देण्यात आले होते. ज्या राष्ट्राची एवढी माणसे मारली गेली, त्याने मारेकऱ्याचेही म्हणणे ऐकून घेतले आणि मग न्याय केला. कट कसा शिजला, माणसे कोठून आली, हे उघड्या न्यायालयात जगापुढे मांडता आले. याचा पाया एका सहायक फौजदाराच्या उघड्या हातांनी घातला होता.

अशी रात्र सर्वांच्या नशिबी येत नाही, आणि येऊ नये. पण तोच गुण लहान प्रमाणात रोज लागतो. उत्तराखंडातील रामनगरजवळ मे २०१८ मध्ये एका मंदिराच्या परिसरात जमावाने एका मुसलमान तरुणाला घेरले. आपल्या धर्माबाहेरच्या मुलीबरोबर तो दिसला, एवढाच त्याचा अपराध. गगनदीप सिंग नावाच्या तरुण उपनिरीक्षकाने त्याला छातीशी धरले, जमावाचे तडाखे स्वतःच्या अंगावर झेलले, आणि त्याला सुखरूप बाहेर काढले. शस्त्र उगारले नाही की अपशब्द उच्चारला नाही. जमावाला घाबरणे सोपे, जमावात सामील होणे त्याहून सोपे. त्याच्यासमोर शांतपणे उभे राहणे फार अवघड.

याहूनही साधे, म्हणून अधिक दुर्लक्षित, असे धैर्य कागदावरचे असते. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवून घेणे बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, त्याची माहिती नोंदवून घेतली पाहिजे. कायदा असा स्पष्ट आहे. पण फिर्यादी मोलकरीण असेल आणि आरोपी गावातला बडा माणूस असेल, तेव्हा ती चार वाक्ये लिहून घेणाऱ्या ठाणे अंमलदाराच्या लेखणीला किती बळ लागते, याची कल्पना आपण करून पाहावी. टेलिफोन खणखणत असतो, वरिष्ठांची मर्जी, बदलीची धास्ती, मुलांची शाळा, सारे त्या लेखणीला मागे ओढीत असते. तेथे लिहिले गेलेले एक खरे वाक्य हे पराक्रमच आहे. त्याला पदक मिळत नाही.

आपल्या मुलांपुढे आदर्श म्हणून उभा राहतो तो पोलीस कोणता? बहुधा पडद्यावरचा. तो कायदा बाजूला सारतो, संशयिताला झोडपतो, न्यायालयाची वाट पाहत नाही, आणि प्रेक्षागृहात टाळ्या घेतो. या चित्राला छेद देणारी कलाकृती आपल्याच मातीतून निघाली, ही समाधानाची गोष्ट आहे. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर, विजय तेंडुलकरांच्या पटकथेतून, गोविंद निहलानींनी १९८३ साली ‘अर्धसत्य’ हा चित्रपट केला. त्यातला फौजदार वेलणकर मुळात प्रामाणिक आहे. पण रोजचा अपमान आणि अगतिकता गिळता गिळता त्याचा स्वतःवरचा ताबा सुटतो, आणि कोठडीतला एक सामान्य चोर त्याच्या माराने मरतो. दुसऱ्याचा निग्रह करणारा माणूस स्वतःचा निग्रह हरवून बसला की धैर्याचे क्रौर्य व्हावयास वेळ लागत नाही. म्हणूनच अटकेच्या वेळी पाळावयाचे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात घालून दिले. ते पोलिसाचे हात बांधणारे नसून त्याचा तोल सांभाळणारे आहेत.

मात्र धैर्याची अपेक्षा करणाऱ्यांनी धैर्याची मशागतही केली पाहिजे. बारा-बारा तास बंदोबस्तावर उभ्या असलेल्या, जेवणाची वेळ चुकलेल्या माणसाकडून संयमाची मागणी करणे कितपत न्याय्य आहे? मुंबईतील देवनार ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. त्यामागची सूचना एका शिपायाची होती, हे विशेष. प्रकाशसिंह खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाच्या पदांवरील अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यावा, असे सांगितले. उद्या बदली होईल या भयाखाली वावरणारा अधिकारी निर्भय कसा राहील? गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गुणांत अभयाला पहिले स्थान आहे. व्यक्तीने अभय अंगी बाणवावे हे खरेच; पण लोकशाहीत ते काही अंशी व्यवस्थेनेही द्यावयाचे असते.

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. दिल्लीत २०१८ साली राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर मृत्यू आलेल्यांची चौतीस हजारांहून अधिक नावे तेथे कोरलेली होती. पुढे २०२० च्या साथीत सारे घरात असताना चौकाचौकांत उभे राहिलेल्या शेकडो पोलिसांनी एकट्या महाराष्ट्रात प्राण गमावले. नावे कोरणे योग्यच. पण मृतांना वंदन करणारा समाज जिवंतांशी कसा वागतो, हाही प्रश्न उरतोच.

आपल्याला येथे करण्याजोगे पुष्कळ आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण पोलीस ठाण्यालाही लावून टाकली आहे. साक्षीदार व्हावयाचे नाही, पंच म्हणून सही करावयाची नाही, सिग्नल तोडून पकडले गेलो तर ओळख सांगावयाची, आणि शिपायाने ऐकले नाही तर त्यालाच उद्धट म्हणावयाचे. ज्या क्षणी आपण ओळख न सांगता दंड भरतो, त्या क्षणी त्या शिपायाचा सरळपणा आपण थोडा सोपा करतो. पंचनाम्यावर निर्भयपणे सही करणारा नागरिक तपास करणाऱ्या हवालदाराचा खरा सहकारी असतो. पोलिसाकडून शिकावयाचे ते हेच: भीती वाटत असतानाही जागा न सोडणे, आणि हातात बळ असतानाही ते आवरणे. या गुणांसाठी गणवेश लागत नाही.